बोरकरांच्या स्वयंपाकघरातला गुलमोहर

सगळ्यात आधी सांगून टाकते, माझी दहाही बोटं शाबूत आहेत. ही बाई चेन-सॉ चालवते असं कळलं की लोक नमस्कार करायच्या आधी माझे हात मोजतात. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला एका वहिनींनी तर मसाला दुधाचा पेला देता देता माझा पंजा उलटासुलटा करून पाहिला. बोटं पूर्ण भरली तेव्हा त्यांचा थोडा हिरमोडच झाला असं मला वाटलं.

मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी फोन केला आणि म्हणाले, "शोभाताई, तुमचा संघर्ष लिहून द्या." मी म्हटलं, संघर्ष झाडाच्या बाजूनं असतो, माझ्याजवळ मशीन आहे. ते हसले, पण लेख काही सोडला नाही. म्हणून हे लिहून राहिले आहे.

मी राहणारी रायपूरला लागून असलेल्या बीरगांवची. नवरा प्रकाश आधी भनपुरीच्या एका लाकूड चिरायच्या आरा मिलमध्ये होता. मिल बंद झाली तेव्हा मालकानं त्याला एक जुनी चेन-सॉ देऊन टाकली. धोकादायक झाडं उतरवायचा आमचा धंदा त्यातून सुरू झाला. आता गंमत अशी की प्रकाश कितीही उंच झाडावर दोर घेऊन माकडासारखा चढतो, पण मशीन सुरू झाली की त्याचं डोकं उठतं. मला उंचीवर भोवळ येते, आवाजाचं मात्र काही वाटत नाही. तेव्हा दोर त्याचा आणि मशीन माझी, अशी वाटणी झाली. ग्राहक येतात, प्रकाशशी तासभर बोलतात, त्याला चहा पाजतात, आणि शेवटी तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "काटना तो इनको है, भैया." मग ग्राहकाचं तोंड पाहण्यासारखं होतं.

अलीकडे माझा खांदा कुरकुरायला लागला, म्हणून मोठी कामं सोडली. भनपुरीत ट्रकवाल्यांच्या गॅरेजांच्या रांगेत आमचं छोटं दुकान आहे. तिथे बसून मी साखळ्यांना धार लावते, मशिनी दुरुस्त करते, आणि ज्यांना शिकायचं त्यांना शिकवते. ज्यांना नाही शिकायचं त्यांनाही शिकवते. बोरकर काका दुसऱ्या प्रकारातले.

काकांकडे जाण्याआधी मशिनीचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. चेन-सॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारं एक छोटं इंजिन. त्याच्या पुढे लोखंडाची लांब पट्टी, आणि पट्टीच्या कडेनं गरगर फिरणारी दातांची साखळी. सायकलच्या चेनला कुत्र्याचे दात लावले असं समजा. तिला लाकूड आणि मांडी यांच्यातला फरक कळत नाही. पट्टीच्या टोकाचा जो वरचा भाग आहे तो तर अगदीच माथेफिरू. तो कशाला टेकला की अख्खी मशीन उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येते, आणि हे इतक्या झटक्यात होतं की "अगं आई" म्हणायला तोंड उघडेपर्यंत तोंडच जागेवर नसतं. म्हणून दोन्ही हातांनी धरायची, डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून घट्ट वळवायचा, आणि मशीन खांद्याच्या वर न्यायची नाही. शिडीवर उभं राहून तर मुळीच चालवायची नाही. डोक्यावर टोप, डोळ्यांपुढे जाळी, कानांवर आवाज अडवणारे बंद, पायात जाड बूट, आणि ती खास पँट, जिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी चुकून लागली तर ते धागे तिच्यात गुंततात आणि ती जागच्या जागी थांबते. मे महिन्यात रायपूरच्या उन्हात ती पँट घालणं म्हणजे स्वतःला दम देऊन शिजवणं आहे. पण शिजलेला पाय घरी परत नेता येतो.

लोकांचं या मशिनीवर प्रेमही फार. विश्वकर्मा पूजेला एक ठेकेदार आपली मशीन माझ्याकडे घेऊन आला, साखळी अडकली म्हणून. उघडून पाहते तर आत झेंडूचा अख्खा हार. वर पेट्रोलच्या झाकणाला खोचलेली अगरबत्ती, तीही जळकी. म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर त्यानं विस्तव ठेवून देवाला साकडं घातलं होतं की बाबा, अपघात होऊ देऊ नको. देवानं ऐकलं हे खरं, पण त्या दिवशी देवाला किती घाम फुटला असेल!

तर बोरकर काका. शंकर नगरात त्यांचं घर. वीज खात्यातून निवृत्त. उंच, सडसडीत, आणि आवाज असा की हळू बोलले तरी दोन गल्ल्यांना वर्दी पोचते. एका सकाळी रिक्षातून उतरले, काखेत मोठा खोका.

"शोभा तूच ना? ही मशीन मी ऑनलाइन मागवली. एकदम बोगस निघाली. लाकूड कापतच नाही, नुसता धूर निघते."

मी खोका उघडला. नवीकोरी मशीन. साखळीकडे नजर गेली आणि मी ओठ दाबून धरले.

"काका, साखळी कोणी चढवली?"

"मीच. पुस्तक पाहून."

"उलटी चढली आहे. दात मागं तोंड करून बसले आहेत. लाकूड कापत नाही, घासून राहिली आहे ती."

काकांनी साखळीकडे असं पाहिलं जसं तिनंच त्यांना फसवलं. मग म्हणाले, "चित्र धूसर होतं त्या पुस्तकातलं."

मी साखळी सुलटी केली आणि विचारलं की कापायचं काय आहे. घराच्या मागे गुलमोहर आहे म्हणाले, फांद्या वाढल्या आहेत, परवानगीचा कागद आणला आहे, आता स्वतःच कापणार. "तुम्ही लोक फांदी तोडायला येता आणि अर्धा दिवस नुसते वर पाहत बसता. तेवढ्यात माझं काम झालं असतं."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला. वर पांढरा पायजमा, त्याची नाडी लोंबलेली. या वेषात माणूस दूध आणायला जातो, आणि काका मशीन चालवायला निघाले होते. मी म्हटलं, "काका, मशीन घरी नेण्याआधी इथं माझ्यासमोर चालवून दाखवा. नाहीतर मी ती साखळी पुन्हा उलटी करून देते, तेवढीच तुमची सेफ्टी."

ते रागावतील असं वाटलं होतं, पण खोखो हसले. मग रोज येऊ लागले. शिकणारे तसे पक्के होते, फक्त प्रत्येक गोष्टीला आधी काहून, म्हणजे का, विचारायचे. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या दांड्यात पाय रोवून मग दोरी ओढायची. काहून? हातात लटकवून ओढली तर झोक्यात पोटाला लागेल. इंजिन गरम असताना पेट्रोल टाकायचं नाही. काहून? कारण तुमच्या भुवया मला आवडतात. एकट्यानं कापायचं नाही. काहून? यावर मी म्हटलं, "काहून की ओरडल्यावर ऐकायला कोणीतरी पाहिजे." काका म्हणाले, "माझा आवाज भिलाईपर्यंत जाते." ते खरंच होतं.

त्यांच्या घरीही आम्ही झाड पाहायला गेलो. तिथे काकू भेटल्या. ठेंगण्या, गोऱ्या, शांत. स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, वर टिनाचं छप्पर. आणि त्या छपरावर आपली निम्मी काया टेकवल्यासारखा गुलमोहर झुकलेला. प्रकाशनं खोडाच्या बुडाशी माती बुटानं उकरून पाहिली आणि मान हलवली, मुळं सैल झाली होती. मी काकांना सांगितलं की छपराकडच्या वजनी फांद्या आधी उतरवाव्या लागतील. त्या उंच आहेत, तुमचं काम नाही, प्रकाश दोर लावून चढेल.

"चार दिवस थांब, मी कळवतो," काका म्हणाले.

काकूंनी मला चहा देताना हळूच विचारलं, "आमचे हे मशीन घेऊन वर चढणार तर नाही ना?"

"नाही चढणार. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही असं मी शिकवलं आहे."

आणि काका खरंच चढले नाहीत. शिकवलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं. जमिनीवर उभं राहून, बूट घालून, टोप घालून, शेजारच्या माणसाला साक्षीला उभं करून त्यांनी हाताला येतील तेवढ्या सगळ्या फांद्या कापल्या. त्या सगळ्या अंगणाकडच्या होत्या. छपराकडच्या उंच होत्या, त्या राहिल्या. म्हणजे झाडाचा एक हात कापला आणि दुसऱ्या हातात पाण्याची बादली तशीच. मला फोनवर अभिमानानं म्हणाले, "शोभा, एक ओरखडा नाही अंगावर!" मी म्हटलं, "काका, ओरखडा झाडाला पडला. आम्ही रविवारी येतो, तोवर काकूंना पुढच्या खोलीत स्वयंपाक करायला सांगा."

रविवार यायच्या आधीच आंधी आली.

रायपूरची मे महिन्यातली आंधी ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. दुपारी चारचा सुमार, आकाश एकदम तपकिरी झालं. भनपुरीत आमच्या समोरच्या गॅरेजचा पत्रा उडून रस्त्यावरून ट्रकांच्या बरोबरीनं धावला. वारा थांबतो न थांबतो तोच फोन. काका. पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका बारीक ऐकला.

"शोभा, झाड आलं. मंगला आत आहे."

मंगला म्हणजे काकू.

आम्ही टेम्पोत सामान टाकून निघालो. वाटेत ठिकठिकाणी झाडं आडवी झालेली. फायर ब्रिगेडला काकांनी आधीच कळवलं होतं, पण त्यांना शहरभरातून एकाच वेळी बोलावणं चाललं होतं. आम्ही पोचलो तेव्हा मागच्या अंगणात गर्दी जमली होती, आणि गर्दीतल्या प्रत्येकाचं मत तयार होतं. एक म्हणे जेसीबी बोलवा, दुसरा म्हणे सगळे मिळून उचलू, तिसरा नुसता व्हिडिओ काढून राहिला होता.

गुलमोहर मुळासकट उपटून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आडवा पडला होता. बुडाकडचं टोक अंगणात, शेंड्याकडचा भार भिंतीपलीकडे, छप्पर फोडून आत. खोड भिंतीवर सी-सॉच्या फळीसारखं तोललेलं. आतून काकूंचा आवाज आला, "मी आहे. पाय दबला आहे. गॅस मी आधीच बंद केला आहे." जणू दाराशी आलेल्या पाहुण्याला सांगताहेत.

मी टोप घातला, मशीन उचलली आणि पुढे निघाले. इतक्यात काका आडवे आले. दोन्ही हात पसरून.

"एक पाऊल पुढे टाकायचं नाही!"

"काका, सरका."

"तार पाह्य! फांद्यांत तार आहे!"

पाहिलं तर पानांच्या गर्दीत, खांबावरून घरात येणारी काळी तार झाडाखाली ओढली जाऊन तुटली होती, आणि तिचं टोक पाल्यात कुठंतरी हरवलं होतं. मी जिथून आत शिरणार होते, अगदी तिथंच.

"मेन स्विच पाडला आहे मी, पण खांबाकडून ती जिवंत असू शकते," काका म्हणाले. "खात्यात फोन केला आहे. माणूस ट्रान्सफॉर्मरवर पोचला की मला सांगेल. तोवर कोणी झाडाला बोटसुद्धा लावणार नाही."

गर्दीतला एक पोट्टा ओरडला, "अरे अंकल, आंटी अंदर दबी है और आप रोक रहे हो?"

काकांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांची बायको चार हातांवर पत्र्याखाली होती आणि ते हात पसरून सगळ्यांना अडवून उभे होते. हात खाली येत नव्हते. आतून काकू म्हणाल्या, "अहो, मी ठीक आहे. तुम्ही तुमचं करा." ती वाट पाहायची वेळ फार मोठी गेली. शेवटी फोन वाजला. काकांनी ऐकलं, दोनदा विचारून लाइन बंद झाल्याची खात्री केली, मग स्वतः जवळ जाऊन, वाकून, लाकडी काठीनं ती तार बाजूला सारली आणि म्हणाले, "आता चला."

आणि हे म्हटल्याबरोबर त्या शहाण्या माणसानं वळून ओसरीवरची आपली मशीन उचलली. पायात चपला, अंगावर तोच पायजमा. थेट खोडाच्या बुडाकडे निघाले.

"काका, काय करून राहिले?"

"इथून कापतो. इथं हात पोचते."

"नाही!"

"माझी बायको आहे आत, शोभा!"

"म्हणूनच नाही म्हणते. हे खोड भिंतीवर तोललं आहे. इकडचं वजन कापून टाकलं तर तिकडचं सगळं काकूंवर बसेल."

ते थांबले, पण मशीन खाली ठेवेनात. दोरीला हात तसाच. ती दोरी ओढली असती तर मी त्यांना हातानं अडवू शकले नसते, चालू मशीन हातात असलेल्या माणसाला कोणी धरत नाही. मी एवढंच म्हटलं, "मी तुमच्या तारेचं ऐकलं. आता तुम्ही माझ्या फांदीचं ऐका."

काकांनी मशीन जमिनीवर ठेवली. मग तिच्यापाशीच बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शेजारचे लोक दुसरीकडे पाहू लागले.

पुढचं काम प्रकाशचं आधी. त्यानं बुडाकडच्या खोडाला दोरखंड टाकून टेम्पोला करकचून बांधलं, कारण शेंड्याचा भार कमी झाला की उपटलेलं झाड कधीकधी मुळांच्या वजनानं परत उभं राहू पाहतं. लोकांचा विश्वास बसत नाही, पण मेलेली झाडं फार उद्योग करतात. मग तो टेम्पोचा जॅक आणि लाकडाचे ठोकळे घेऊन भगदाडातून आत सरपटला. सगळ्यात आधी नाक वर करून गॅसचा वास घेतला. नाही आला. काकूंच्या पायावर पत्रा होता, पत्र्यावर मांडीएवढी जाड फांदी, एक टोक भिंतीत अडकलेलं, दुसरं ओट्यावर टेकलेलं. प्रकाशनं तिच्याखाली जॅक लावला, म्हणजे कापताना ती खाली बसणार नाही.

गर्दीला मी रस्त्यापर्यंत मागे घालवलं. जेसीबीवाल्या तज्ज्ञाला काम दिलं, की कोणी अलीकडे येऊ नये हे तुम्ही पाहा. त्यानं ते इतकं मनावर घेतलं की घरात चहा करायला निघालेल्या शेजारणीलाही अडवलं.

आता फांदीचं सांगते. दोन्ही टोकांना टेकलेली आणि मधे वजनानं वाकलेली फांदी असली की तिची वरची बाजू दबलेली असते आणि खालची ताणलेली. एकाच बाजूनं आरपार कापायला गेलं की एकतर पट्टी चिमट्यात अडकते, नाहीतर लाकूड फटकन चिरून उसळतं. म्हणून वरून थोडं कापायचं, मग खालून, हळूहळू, लाकूड काय म्हणतं ते पाहत. मी आधी बाहेरच्या बारीक फांद्या उतरवून वजन कमी केलं. मग आत गुडघ्यावर बसून त्या फांदीला वरून पट्टी टेकवली. भुसा काकूंच्या केसांवर पडत होता. प्रकाशनं आपला टोप आणि चष्मा त्यांना घातला होता आणि एक ओलं पोतं त्यांच्या अंगावर धरून बसला होता.

थोडं कापलं असेल नसेल, कुठंतरी वर कडकड झालं, झाड बोटभर सरकलं, आणि माझी पट्टी लाकडात पकडली गेली. मशीन बंद केली. ओढायची नाही, हे मी हजार लोकांना सांगितलं असेन. त्या क्षणी माझेच हात ओढायला निघाले होते. काकूंनी "आई गं" म्हटलं, पहिल्यांदाच.

दुसरी मशीन आमची दुकानात होती, खोललेली.

भगदाडातून काकांचा आवाज आला. "माझी घे."

त्यांनी साखळीचा ब्रेक लावून, दांडा माझ्याकडे करून ती आत सरकवली. मी साखळी हातानं ओढून पाहिली. जितकी ताणलेली हवी तितकीच. दातांना धार. तेल काठोकाठ, पेट्रोल गाळलेलं. इतकी निगा राखलेली मशीन माझ्या सगळ्या शिष्यांत कोणाची नव्हती. मनात म्हटलं, म्हाताऱ्या, तू पायजम्यातही पास आहेस.

खालून कापताना मशीन तुम्हाला मागे ढकलते, त्यामुळे कोपर मांडीला टेकवून बसावं लागतं. मी टेकवून बसले आणि खालून वर, नखानखानं कापत गेले. वरच्या कापाला खालचा काप भेटला. फांदी टक्क करून सुटली, भिंतीकडचा तुकडा जॅकवर राहिला, ओट्याकडचा प्रकाशनं उचलून फेकला. मग दोघांनी पत्रा वाकवला आणि काकूंना काखेत धरून मागे ओढलं.

बाहेर आणल्यावर काका काकूंचा हात धरून बसले. काकू भुशानं माखलेल्या, प्रकाशचा पिवळा टोप डोक्यावर, घोटा सुजून दुधी भोपळ्याएवढा झालेला. त्यांनी काकांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मले आतून तुमचे फक्त पाय दिसत होते," त्या म्हणाल्या. "हिचे बूट, याचे बूट, आणि तुमच्या चपला. मी म्हटलं, फांदीनं नाही तर या चपलांनी मी आज विधवा होते."

काका हसायला गेले आणि रडायला लागले. त्या आवाजानं गर्दी दोन पावलं आणखी मागे सरली.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं, सुटलं. मधल्या काळात काका दुकानाकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, संपला त्यांचा शौक. पाऊस उघडल्यावर एके दिवशी दुकानापुढे रिक्षा थांबली आणि काकू उतरल्या. काठी टेकत, हळूहळू. मागून काका, काखेत तोच खोका, आणि चेहरा असा की कोणीतरी त्यांना लग्नाला ओढून आणलं आहे.

"शोभा," काकू म्हणाल्या, "मले शिकव."

"हिला समजाव," काका म्हणाले. "या वयात हे काय? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी व्हिडिओ काढला होता माझा, दबलेली असताना," काकू म्हणाल्या. "आता दुसरा काढू दे."

मी काकूंना विचारलं की खरंच कशासाठी शिकायचं आहे. त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "आत पडले होते ना, तेव्हा तो आवाज ऐकू येई. घर्रर्र. अजून गल्लीत कोणाची मोटरसायकल सुरू झाली तरी माझी छाती धडधडते. तो आवाज माझ्या हातात आला तर कदाचित थांबेल."

काकांनी काखेतला खोका खाली ठेवला. प्रकाशनं आत जाऊन सगळ्यात लहान मापाची पँट आणली.

पाय नीट भरून येईपर्यंत काकू नुसतं बसून शिकल्या. साखळी चढवणं, कानसेनं धार लावणं, ब्रेक पाहणं. काकांनी चूक काढायची संधी शोधली, मिळाली नाही. मग डॉक्टरनं पाय टेकायची मोकळीक दिली आणि आम्ही त्यांच्याच अंगणात गेलो, जिथं गुलमोहराचं खोड अजून पडलेलं होतं. मी त्याचा एक सरळ भाग ओंडक्यांवर उचलून ठेवला, पाचरी मारून हलणार नाही असा केला. काकूंच्या मागे मोकळी वाट ठेवली.

त्यांनी मशीन जमिनीवर ठेवली, पाय रोवला, दोरी ओढली. नाही. पुन्हा. नाही. काका तीरासारखे पुढे आले, "अगं, अशी नाही, इकडे दे..."

"काका, मागे."

तिसऱ्या का चौथ्या झटक्याला मशीन गुरगुरली. मी काकूंकडेच पाहत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, डोळे मिटले. मी हात पुढे केला होता, बंद करायला. पण त्यांनी डोळे उघडले, मान हलवून मला नाही म्हटलं, दोन्ही हातांनी मशीन उचलली, अंगठा खालून वळवला, आणि पट्टी लाकडावर टेकवली. पिवळसर भुसा त्यांच्या बुटांवर पडायला लागला. चकती सुटून पडली. त्यांनी मशीन बंद केली, ब्रेक लावला, खाली ठेवली, कानांवरचे बंद वर सरकवले आणि उभ्या राहिल्या. मग त्या चकतीवरून तळहात फिरवून म्हणाल्या, "वाकडी आली."

"पहिली सगळ्यांची वाकडीच येते."

"पुन्हा करू?"

"हव. करा ना."

त्यांनी साडीच्या पदराची सवय म्हणून कपाळ पुसायला हात खांद्याकडे नेला. तिथं पदर नव्हता, जाड जाकीट होतं. जाकिटाच्या बाहीनंच पुसलं. जाळी खाली ओढली, कानांवर बंद चढवले.

तेवढ्यात मागून काका आले. इतक्या दिवसांत मी त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना फक्त एकदा, त्या फोनवर, ऐकलं होतं.

"मंगला," ते म्हणाले, "नंतर एक मलेपण कापू देशील?"

काकूंना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी दोरी ओढली.

काका माझ्याकडे पाहायला लागले, की निदान तू तरी सांग तिला. मी बोटानं माझ्या कानांवरचे बंद दाखवले आणि समोर पाहत राहिले.